ब्रह्मकमळाला नुसती पानंच येत असतील तर हे करून बघा

लातूर-परभणीकडं हल्ली गल्लीगल्लीत ब्रह्मकमळाच्या कुंड्या दिसायल्यात पण बऱ्याच जणांची तक्रार एकच, पानं भरपूर अन फूल काही येईना. मुळात हे निवडुंग असलं तरी वाळवंटातलं नाही, मेक्सिको अन मध्य अमेरिकेच्या जंगलातलं आहे, तिथं ते झाडांच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं धरतं, जमिनीत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

म्हणून आपली काळी माती अजिबात नको, पावसाळ्यात पाणी धरून बसते अन मुळं सडतात. कोकोपीट, कुजलेला पाला, विटांचे बारीक तुकडे, थोडा कोळसा अन मूठभर जुनं शेणखत, हात घातला की भुसभुशीत लागलं पाहिजे. कुंडी लहानच बरी, मुळं दाटली की फुलं चांगली येतात, उगं दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवू नका.

लावायला पानाचा वीतभर तुकडा घ्या (पान म्हणतो ते खरं चपटं खोड आहे, म्हणून तर कळी कडेच्या खाचेतून निघते), आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्या मग दोन बोटं खोल लावा. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, धीर धरा.

आपल्याकडं मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, दुपारचं ऊन लागलं की पानं पिवळी पडून भाजतात, तेव्हा ग्रीन नेट लावाच. पण अंधाऱ्या कोपऱ्यातही फूल येत नाही, सकाळचं कोवळं ऊन पाहिजेच, पूर्वेची गॅलरी एकदम बेस्ट. वरचा थर सुकला की पाणी, थंडीत अजून कमी. बोअरच्या पाण्यानं कुंडीवर क्षार चढतात, जमलं तर पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरून ठेवा. युरिया नको, त्यानं पानंच सुटतात.

कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाही अन माती कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर कळ्या गळतात. लोंबती कळी टोकाकडून वर वळून टम्म फुगली की त्या रात्री घरीच थांबा, आठ-नऊला उघडायला लागते, मध्यरात्री पूर्ण फुलते अन सकाळी मिटलेली असते. तो पांढरा रंग अन घमघमाट रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी, आपलं ड्रॅगन फ्रूटही याच कुळातलं अन तेही रात्रीच फुलतं. फूल सुकलं म्हणून ते पान छाटू नका, त्याच्याच बाकीच्या खाचांतून पुढच्या कळ्या येतात.