घरबसल्या 'थिऑलॉजी'ची पदवी : पैसे भरण्याआधी काय तपासावं

'मंडळीची सेवा सांभाळून घरबसल्या बी.टीएच., एम.डिव्ह., डॉक्टरेट! अमेरिकन युनिव्हर्सिटी, रजिस्टर्ड.' ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या (थिऑलॉजीच्या) पदव्यांची अशी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली की लगेच खरी-खोटी ठरवायला बसू नका. आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा: हा कागद दाखवायचा कुणाला?

तुम्ही गावातली छोटी मंडळी, म्हणजे चर्च, सांभाळत असाल, संडे स्कूल घेत असाल आणि शास्त्र नीट शिकायचं एवढंच मनात असेल, तर मान्यतेचा प्रश्न दुय्यम आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्या नावापुढे एकही पदवी नव्हती. मूळचा जोडे शिवणारा माणूस. मान्यता नसलेली, पण मन लावून शिकवणारी केंद्रं आजही आहेत. मात्र पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) जायचं असेल, शिकवायचं असेल किंवा नोकरीत पदवी मोजली जाणार असेल, तर सगळं गणित मान्यतेवरच येतं.

आता मान्यता म्हणजे कुणाची? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. ख्रिस्ती शिक्षणात त्यातलं ठळक नाव सेरामपूरचं. १८२७ ची डेन्मार्कच्या राजाची सनद आणि १९१८ चा बंगालचा कायदा, असा त्याला दुहेरी आधार आहे. (हे सेरामपूर हुगळीकाठचं. मराठीत त्यालाही श्रीरामपूर म्हणतात, म्हणून सांगतो : अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे.) त्याच्या सेनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, देशभरातली अनेक कॉलेजं जोडलेली आहेत, पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकी एक. आणि दूरशिक्षणच हवं असेल तर सेनेटचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) घरी राहून करता येतो, हे अनेक पाळकांना ठाऊकच नसतं.

दुसरं नाव ऐकाल ते एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचं, म्हणजे एटीए. ही सेमिनरींनी मिळून उभी केलेली संस्था आहे. दर्जा तपासते, इतर सेमिनरी तिचा शब्द मानतात. पण ती सरकारी मान्यता नव्हे. एटीएने मान्य केलेली पदवी सरकारी नोकरीत चालेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा.

तपासणी नेहमी उलट्या टोकाकडून करा. संस्थेच्या पानावरचा शिक्का बघू नका. मान्यता देणाऱ्याच्या यादीत संस्थेचं नाव शोधा. अमेरिकन संस्था असेल तर तिथल्या 'चिया' (CHEA) या, मान्यता देणाऱ्या संस्थांनाच पारखणाऱ्या परिषदेच्या यादीत आधी मान्यता देणारी संस्था सापडते का पाहा. थिऑलॉजीत मान्यता देणाऱ्या एटीएस (ATS), एबीएचई (ABHE), ट्रॅक्स (TRACS) या तिथल्या ओळखीच्या संस्था. भारदस्त नावाची भलतीच 'इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटिंग' संस्था निघाली, तर बऱ्याचदा ती त्याच दुकानाची मागची खोली असते.

'रजिस्टर्ड' या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. ट्रस्ट रजिस्टर्ड असतो, सोसायटी असते, आयएसओ प्रमाणपत्रही मिळतं; यातलं काहीच पदवीचा अधिकार देत नाही. अमेरिकेतही फ्लॉरिडात धार्मिक कॉलेजांना राज्याच्या परवान्यातून सूट मिळते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००७ साली ठरवलं की राज्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून सेमिनरीला धार्मिक पदव्या देण्यापासून अडवता येणार नाही. ते धर्मस्वातंत्र्याचं रक्षण आहे, दर्जाची हमी नव्हे. 'अमेरिकेत कायदेशीर' हे वाक्य खरं असूनही तुमच्या कामाचं नसू शकतं. आपल्याकडे आयोग बनावट विद्यापीठांची यादी काढतो. तीही चाळा, पण तिच्या धाकाने बनावट दुकानं बंद होतील असं धरू नका. १९५६ च्या त्या कायद्यातला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये.

मग अभ्यास बघा. एटीएसच्या नियमात एम.डिव्ह. किमान ७२ क्रेडिटची आहे. तीच पदवी कुणी सहा महिन्यांत देत असेल तर विषय संपला. नमुन्यादाखल एक पाठ, वाचायच्या पुस्तकांची यादी आणि कुणीतरी तपासलेली एक उत्तरपत्रिका मागा. लाल शाईत शेरे आहेत की नुसते गुण, त्यावरून बरंच कळतं. शिकवणारे स्वतः कुठे शिकले ते विचारा. सगळ्यांच्या डॉक्टरेट त्याच संस्थेच्या निघाल्या तर फोन ठेवून द्या. सेवेच्या अनुभवावर पीएच.डी., किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये झगा-टोपी घालून 'देणगी' घेऊन मिळणारी मानद डॉक्टरेट, यांवर वेळ घालवू नका.

बरी संस्था स्वतःच सांगते, 'आम्हाला मान्यता नाही, आमचं प्रमाणपत्र अमुक ठिकाणी चालणार नाही.' हे वाक्य माहितीपत्रकात सापडलं तर माझं मत निम्मं तिथेच बनतं.

शेवटी, पुढे जिथे जायचं आहे त्या सेमिनरीच्या रजिस्ट्रारना ईमेल करा : 'या संस्थेची ही पदवी तुम्ही प्रवेशासाठी धराल का?' उत्तर लेखी घ्या, फोनवरचं 'बघू' धरू नका. ते हाती येईपर्यंत फी भरू नका, आणि भरलीच तर एका विषयापुरतीच भरा.