केमोच्या मुलांमधले रेझिस्टंट इन्फेक्शन: या चुका टाळा

दर सहा महिन्यांनी वॉर्डात नवी बॅच येते आणि मी त्याच चुका पहिल्यापासून बघायला लागते. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) पडलेल्या मुलाला ताप चढला की पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, मेरो लावूया का?" मेरो म्हणजे मेरोपेनेम, तगडं अँटिबायोटिक. त्या मुलाच्या लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला) आज किती जणांनी हात लावला, हे विचारणारा अजून भेटायचाय. औषध वाढवायला एक सही पुरते. हात मात्र दिवसातून पन्नास वेळा धुवावे लागतात, आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही.

सामाईक सलाइनची बाटली

या चुकीत मीही सामील होते, म्हणून सविस्तर लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वॉर्डात आठवड्याभरात चार मुलांना थंडी वाजून ताप आला. तिघांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू उगवून बघायच्या चाचणीत) क्लेबसिएला हा जंतू निघाला, तिन्ही रिपोर्ट जणू एकमेकांची नक्कल: कार्बापेनेम रेझिस्टंट, म्हणजे मेरोच्या गटातल्या औषधांना न जुमानणारा. राउंडवर चर्चा फक्त औषधांची. मेरोपेनेमच्या जोडीला कोलिस्टिन हे राखीव अँटिबायोटिक आलं, एका मुलाचं क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची खूण) वाढायला लागलं, तरी थरथरणं थांबेना. शेवटी एका रात्री चारही चार्ट शेजारी शेजारी ठेवून नुसत्या वेळा बघितल्या. प्रत्येकाची थंडी लाइन फ्लश केल्यावर (सलाइन ढकलून धुतल्यावर) अर्ध्या-पाऊण तासात सुरू झाली होती.

ट्रॉलीवर अर्ध्या लिटरची सलाइनची बाटली उभी होती, बुचात सुई कायमची खोचलेली, लेबलवर आदल्या दिवशीची तारीख. सगळ्या मुलांचे फ्लश तिच्यातूनच निघत. त्या आठवड्यात मीही दोनदा काढले होते. बाटली लॅबला पाठवली, तर उगवला तोच क्लेबसिएला. दोन मुलांचे पोर्ट (कातडीखाली बसवलेल्या लाइन) काढावे लागले आणि एकाची केमो तीन आठवडे पुढे गेली. इन्फेक्शन बरं झालं म्हणून सगळे हुश्श झाले, पण ते तीन आठवडे ल्युकेमियाला आयते मिळाले, ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही.

साध्या सलाइनमध्ये जंतू मारणारं काहीही नसतं. तेव्हापासून माझा नियम: एक मूल, एक सिरिंज, एकदाच फोडायची छोटी अँप्युल, उरलेलं फेकायचं. हेपरिनच्या (लाइनमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) व्हायललाही तेच लागू. "किती वाया जातं" म्हणणाऱ्याला मी त्या मुलांचे कागद वाचून दाखवले असते. आणि फ्लशनंतर थंडी वाजली, तर आधी लाइनवर संशय घ्या.

हब ओवाळणं

अल्कोहोल स्वॅब हबवरून (लाइनच्या सिरिंज लावायच्या तोंडावरून) ओवाळतात आणि सिरिंज लावतात. हब घासायचा असतो, पिळून, कडांसकट. मी मनात पंधरापर्यंत मोजते आणि मग वाळेपर्यंत थांबते. फुंकर मारून वाळवणारा एक महाभाग मी पाहिलाय. त्याने तोंडातले जंतू स्वहस्ते पोचवले.

कल्चर नंतर, अँटिबायोटिक आधी

पहिला डोस गेल्यावर घेतलेलं कल्चर बरेचदा कोरं येतं, आणि मग कुठल्या जंतूशी लढतोय हे न कळताच औषधांची रास लागते. प्रत्येक ल्यूमेनमधून (लाइनच्या आतल्या प्रत्येक वेगळ्या मार्गातून) वेगळी बाटली, वजनाप्रमाणे पुरेसं रक्त, बाटलीवर ल्यूमेनचं नाव. लाइनमधली आणि हातातून घेतलेली अशा दोन्ही बाटल्या एकाच वेळी भरल्या, आणि लाइनची हातातल्यापेक्षा किमान दोन तास आधी पॉझिटिव्ह आली, तर मूळ लाइनमध्ये आहे असं समजायला चांगला आधार मिळतो. पण कल्चरसाठी डोस अडवून ठेवायचा नाही. मूल दारात आल्यापासून 60 मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक गेलंच पाहिजे.

"ताप आहे ना अजून, व्हॅन्को पण घालू"

तिसरा दिवस, कल्चर कोरं, मूल कॉटवर बसून चित्रं रंगवतंय, पण ताप 38.5. इथे व्हॅन्को (व्हॅन्कोमायसिन, आणखी एक अँटिबायोटिक) जोडायला अधीर मंडळींचा हात शिवशिवतो. मूल स्थिर असेल तर नुसत्या तापासाठी औषध वाढवायचं नसतं. 96 तासांनंतरही ताप असेल तर बुरशी शोधा. उलट रक्तदाब घसरला, मूल मलूल झालं, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. त्या वेळी कामाला येतात जुने रिपोर्ट: याला आधी कुठला रेझिस्टंट जंतू सापडला होता? मी ते फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून ठेवते, कारण चाळीस पानं उलटायला तेव्हा कुणाला वेळ नसतो.

बंद करायची वेळही पाळा. 48 तास कल्चर कोरं, 24 तास ताप नाही, काउंट वर यायला लागलेत, तर थांबवा. "पाच दिवस तरी होऊ द्या" हा नियम कुणी केला, मला आजतागायत कळलेलं नाही.

स्वॅबचा इलाज

रेक्टल (गुदद्वारातून घेतलेल्या) स्वॅबमध्ये रेझिस्टंट जंतू आला म्हणजे तो आतड्यात राहतोय, इन्फेक्शन झालंय असं नाही. त्यावर अँटिबायोटिक दिलं तर बाकीचे जंतू मरतात आणि याला मोकळं रान मिळतं. मुलाला वेगळी खोली द्या, गाऊन आणि ग्लोव्ह्ज वापरा, स्टेथोस्कोप आणि बीपीचा कफ त्याचा त्याला.

बेसिन

उरलेलं डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) आणि टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतू नका. खालच्या वळणदार पाइपात स्यूडोमोनास हा जंतू आणि त्याचे भाऊबंद थर करून बसलेले असतात. तुम्ही त्यांना जेवू घालता, आणि नळ सोडला की ते शिंतोड्यांबरोबर जवळजवळ मीटरभर उडतात. बेसिनशेजारी औषधं भरणाऱ्याला मी तिथून उठवते, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो.

बाकीच्या पटापट

ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले, असं नाही. काढल्यावरही धुवायचे.

जुलाबात सी. डिफिसिल हा जंतू असेल तर हँडरब उपयोगाचा नाही, त्याचे स्पोअर (टणक कवचाची बीजं) अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबण आणि पाणीच हवं.

कोलिस्टिनची सेन्सिटिव्हिटी (जंतू औषधाला दाद देतो का) डिस्कच्या चाचणीवर विश्वासाची नसते. लॅबकडून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन या पद्धतीने एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) मागा.

गुदद्वारात थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा: काउंट पडलेल्या मुलाला यातलं काहीही नाही.

आईबाबांसाठी: एकदा 38.3 किंवा तासभर 38 ताप म्हणजे निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली गेले की पू होत नाही, लालीही फारशी दिसत नाही, बरेचदा ताप ही एकच खूण उरते. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघितलीत तर तीही पुसली जाते. आणि "फार अँटिबायोटिक झाली" म्हणून कोट्रायमोक्साझोल परस्पर बंद करू नका, ते न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियापासून बचावासाठी असतं.