ईएफआय आउटबोर्ड स्लोमध्ये झटके मारून राहिला? आधी हे पाहा, मग पार्ट घ्या

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजन, अन् ईएफआय म्हणजे त्यात कार्ब्युरेटर नाही, कॉम्प्युटरच्या हुकमावर इंजेक्टर पेट्रोल फवारतात. रेस दिली की इंजन झकास पळते अन् रेस सोडली की थरथर, झटके, आरपीएमचा काटा वर-खाली, आणि काठ जवळ आला की भप्प करून बंद. डोंग्यावाल्याला यातलं काही नसते, वल्हं मारलं की झालं. पण आमची गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवरची मच्छीमार संस्थेची बोट, ४० एचपीचा तीन सिलेंडरचा फोर-स्ट्रोक, तिला स्लोशिवाय जमतच नाही, जाळं टाकताना स्लो, घाटाला लावताना स्लो, आणि पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात तिथून तर जीव मुठीत धरून स्लो. तिथं इंजन बंद पडलं आणि वारा सुटला की मग बोट आपली राहत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्याशी हेच झालं. शहरातल्या एका मिस्त्रीने फोनवरच सांगितलं की आयडलचा, म्हणजे स्लोमध्ये हवा सोडणारा, व्हॉल्व गेला, बदला. संस्थेने वर्गणी काढून साडेनऊ हजाराचा व्हॉल्व आणला, बसवला, आणि इंजन जसं होतं तसंच थरथरत राहिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला का पाह्यचं, नाही पडला तर ती परत जशी होती तशी करायची, आणि पैसे लागणारी गोष्ट सगळ्यात शेवटी.

सुरू करायच्या आधी दोन-तीन गोष्टी. हे इंजन पाण्याबाहेर कोरडं चालवू नका, अर्धा मिनिटसुद्धा नाही, पाणी ओढणारा खालचा रबरी इंपेलर जळून जातो. बोट पाण्यात ठेवा नाहीतर नळीच्या पाण्याचे कप लावा, आणि मागून पाण्याची बारीक धार येऊन राहिली का ते आधी पाहा. पंख्याजवळ कोणी पोरगं उभं नको. किल-स्विचची, म्हणजे ओढली की इंजन बंद करणारी, दोरी मनगटाला. पेट्रोलचं काम करताना बिडी नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आता पहिलं म्हणजे बिघाड आहे तरी का ते ठरवा. थंड इंजन सुरुवातीला मुद्दाम जास्त आरपीएमवर चालते, कॉम्प्युटरच ते करतो, गरम झालं की खाली येते. डिसेंबरातल्या सकाळी हे जास्त दिसते, त्याला बिघाड समजू नका. गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये साधारण ७०० ते ९०० च्या मधात काटा ठरायला पाह्यजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. मग गिअर टाकून पाहा. न्यूट्रलमध्ये ठीक आणि गिअरमध्येच धापा टाकत असंल तर इंजन वर करून पंखा पाहा, दहात पाच वेळा जलपर्णी नाहीतर जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळलेला असतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात आणि तिथून वैनगंगेत येते, जलपर्णी त्याच्यावरच पोसते, पंखा मात्र आम्ही साफ करतो.

पंखा साफ आहे, तरी थरथर आहे, तर मग पेट्रोल. इथं घाई करू नका बावा, निम्म्याहून जास्त केसेस इथंच सुटतात. हल्ली पंपावर मिळते ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढते. गाडीत पेट्रोल आठवड्यात संपते म्हणून कळत नाही, पण बोटीची टाकी अर्धी भरलेली दोन-दोन महिने पावसाळ्यात उभी राहते, पाणी मुरत जाते, आणि हद्दीबाहेर मुरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसते. आणि इंजनाची नळी तर तळातूनच ओढते. तर टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा, वीस मिनिटं हलवू नका, मग उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल गेलं कामातून, वरून नवीन ओतून ते सुधारत नाही, पूर्ण काढा. पाणी गाळायचा फिल्टर असंल तर त्याच्या तळाचंही असंच पाहा.

याच्यापेक्षा सोपी ट्रिक म्हणजे दुसरी बोट जवळ असंल तर तिचा कॅन, तिची नळी, त्या नळीवरचा पेट्रोल चढवायचा रबरी फुगा उचलून आपल्या इंजनाला लावा, कपलिंग जुळत असंल तर, आणि ताजं पेट्रोल भरा. दहा मिनिटं चालवा, कारण आतल्या छोट्या टाकीत जुनं पेट्रोल असते ते संपायला वेळ लागतो. सुधारलं तर इंजन उघडायचं कामच नाही, बिघाड तुमच्या टाकीत नाहीतर नळीत आहे.

रबरी फुगा पण बरंच सांगतो, लोक त्याला नुसतं दाबायचं खेळणं समजतात. इंजन स्लोमध्ये थरथरत असताना कोणालातरी फुगा हळूहळू दाबायला सांगा. दाबला की इंजन सुधारते आणि सोडला की पुन्हा तेच, म्हणजे पेट्रोल कमी पोचून राहिलं, इंजनावरचा छोटा पंप अशक्त आहे नाहीतर नळीच्या जोडात कुठंतरी हवा घेऊन राहिली, कपलिंगमधली रबरी रिंग तडकली का पाहा, आमच्या उन्हाळ्यात ४५ डिग्रीत रबर किती दिवस टिकणार. फुगा आपोआप चपटा होत असंल तर अडथळा टाकीकडं आहे, सगळ्यात आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहा, हसू नका, आमच्याकडं दोनदा झालं. आणि फुगा दाबला की उलट इंजन गुदमरते, काळा धूर, पेट्रोलचा वास, तर आतल्या टाकीची सुई पूर्ण बंद होत नाही नाहीतर पंपाचा पडदा फाटला आणि पेट्रोल जास्त जाऊन राहिलं.

बॅटरी पटकन पाहून घ्या. कार्ब्युरेटरच्या इंजनाला दोरी ओढली की झालं, याला नाही, याचा पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं करंटवर. उभ्या इंजनावर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. टर्मिनल पांढरे पडले असतील तर घासा, आणि इंजनावरची अर्थिंगची वायर पण घासा, ती कोणी पाहतच नाही.

मग प्लग. तिन्ही काढा, कोणता कोणत्या सिलेंडरचा ते चुकवू नका, ओळीने फळीवर ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे छान. काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त. ओला म्हणजे तो सिलेंडर पेटतच नाही. तिघांतला एकच वेगळा दिसला तर तुमचं काम सोपं झालं, सगळे सारखेच काळे असतील तर कारण सगळ्यांना लागू पडणारं आहे, म्हणजे प्रेशर, टेम्परेचर सेन्सर असलं काही. गॅप मॅन्युअलप्रमाणे. पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा आहे का तेही पाहा, नखही फिरवा, नुसत्या डोळ्याने तो लवकर दिसत नाही.

आता कोणता सिलेंडर काम करत नाही ते शोधायचं. जुने मिस्त्री चालू इंजनात प्लगची टोपी ओढतात, या इंजनात ते करू नका, ठिणगीला जायला जागा नाही मिळाली की ठिणगी बनवणारी कॉइल नाहीतर कॉम्प्युटर उडू शकतो. त्यापेक्षा इंजन बंद करा, एका इंजेक्टरचं कनेक्टर काढा, सुरू करा, पाहा. बंद करा, ते लावा, दुसऱ्याचं काढा. चांगल्या सिलेंडरचं काढलं की इंजन आणखी बिघडते, आणि ज्याचं काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच मेलेला आहे, तोच आपला चोर. कनेक्टर काढल्यामुळं काही मॉडेलमध्ये वॉर्निंगचा दिवा लागतो, घाबरू नका.

चोर सापडला की अदलाबदल करा. त्याचा प्लग शेजाऱ्याला, शेजाऱ्याचा त्याला. बिघाड शेजाऱ्याकडं गेला तर प्लग खराब. नाही गेला तर कॉइल वेगवेगळ्या असतील तर कॉइलची अदलाबदल. तेही नाही तर इंजेक्टर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐका, वरच्या फिरत्या जड चाकापासून, म्हणजे फ्लायव्हीलपासून, डोकं आणि गमछा दूर ठेवून. टिक-टिक-टिक यायला पाह्यजे. आवाजच नाही तर वायर नाहीतर इंजेक्टरची आतली कॉइल, आवाज आहे पण सिलेंडर मेलेला तर तोंडाशी कचरा.

आमचं हेच निघालं राजेहो. दोन नंबरचा इंजेक्टर टिकटिक करत होता पण पेट्रोल पुरेसं सोडत नव्हता, पावसाळाभर उभ्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या जाळीला बसला होता. रेसमध्ये काहून कळत नव्हतं? कारण स्लोमध्ये इंजेक्टर एका वेळी सोडतो ते पेट्रोल इतकं थोडं असते की त्यात जरा कमी झालं की सिलेंडर पेटतच नाही, आणि रेसमध्ये पेट्रोल भरपूर आणि फेरे इतके की तेवढी कमी झाकून जाते. नागपूरला कारचे इंजेक्टर मशीनवर साफ करतात तिथं तिन्ही दिले, तिघांचा फवारा शेजारी-शेजारी पाहायला मिळाला, दोन नंबर नुसता थेंब-थेंब. काढताना लाईनमधलं प्रेशर आधी सोडा, त्यात साधारण अडीच ते तीन बार दाब असतो, प्रेशर न सोडता उघडलं तर पेट्रोल सरळ अंगावर येते. आतल्या टाकीची जाळी पण त्याच वेळी साफ करा, नाहीतर महिन्याने परत तेच. साडेनऊ हजाराचा व्हॉल्व आमच्या ऑफिसात डब्यात आहे, जुनाच परत लावला आणि जुनाच चालून राहिला.

तिन्ही सिलेंडर सारखेच काम करत असतील आणि तरी काटा नाचत असंल, तर हवेकडं वळा. थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा आत घ्यायचं तोंड, त्याची पाती आणि आयडल व्हॉल्वचा रस्ता काजळीने भरतो, क्लीनर कपड्यावर घेऊन पुसा. रबरी नळ्या तडकल्या का, निघाल्या का पाहा. केबल पूर्ण मागे येते का तेही पाहा, चिखलाने केबल जड झाली तर पाती एक केसभर उघडी राहते आणि सेन्सरला वाटते माणूस रेस देऊन राहिला, म्हणून कॉम्प्युटर आयडलचा कंट्रोल घेतच नाही. आणि तो जो पातीला टेकणारा स्क्रू आहे ना, आपल्या मोटरसायकलवाल्या मिस्त्रीचा हात तिथंच जातो, त्याला हात लावू देऊ नका. तो स्लो वाढवायचा स्क्रू नाही, कंपनीने एकदा सेट केलेला आहे, तो फिरवला की आधीचा एक बिघाड आणि वर हा दुसरा.

डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास असंल तर बहुतेक इंजन गरमच होत नाही, म्हणजे थंड इंजनात पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला, नाहीतर टेम्परेचर सेन्सर थंडच सांगून राहिला आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओतत बसला. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या गंजात टाका, थंडपणी बंद आणि गरमपणी उघडतो का डोळ्याने दिसते. ऑइल मात्र बदला, पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर चालवू नका.

एवढं सगळं करून एक सिलेंडर तरी मेलेलाच असंल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा, तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल-स्विचची क्लिप काढून. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक पाहा, एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असंल तर सिलेंडरचा व्हॉल्व नाहीतर पिस्टनची रिंग, आणि तिथं मात्र कंपनीच्या मिस्त्रीला बोलवा. येताना त्याला आपल्याच कंपनीचं कोड वाचायचं मशीन आणायला सांगा, दुसऱ्या कंपनीचं लागत नाही, आमचा एकदा हात हलवत परत गेला आणि गाडीभाडं संस्थेच्या माथी.