एका ओटीजीवर नानकटाईचा धंदा

घरी बेकरी काढायची म्हटलं की केक, पाव, खारी, टोस्ट सगळं एकदम डोक्यात येतं. क्रीमच्या केकला फ्रीजमध्ये जागा लागते, पावाला पहाटे तीनला उठावं लागतं आणि भावात भट्टीवाल्या बेकरीपुढे आपला टिकाव लागत नाही. नानकटाई मात्र 28 लिटरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, होते, फ्रीजशिवाय टिकते आणि पिशवीत घालून बेळगावहून निपाणी-खानापूरपर्यंत नेता येते. पहिले तीन महिने हा एकच माल करा.

एक घाणा: मैदा 500 ग्रॅम, बेसन 75, बारीक रवा 50, पिठीसाखर 275, वनस्पती तूप 300, बेकिंग पावडर 5, खायचा सोडा 2, मीठ 2, वेलची पूड चवीप्रमाणे. वाटीचं माप नको. दाबून भरलेली आणि सैल भरलेली वाटी यांत मैद्याचा चांगलाच फरक पडतो, आणि मग आजची नानकटाई कालच्यासारखी होत नाही. आधी डिजिटल काटा घ्या, मिक्सर मागाहून.

तूप थिजलेलं पण बोट रुतेल इतकं मऊ हवं. साखर घालून परातीत तळहाताने आठ-दहा मिनिटं फेसा. पांढरं, हलकं झालं की चाळलेली पिठं, पावडर, सोडा, मीठ आणि वेलची घाला आणि नुसतं गोळा करा. कणकेसारखं मळलंत तर नानकटाई दगड होते. 25 ग्रॅमचे 48 गोळे होतात. ट्रेमध्ये सोळा, मध्ये दोन बोटं जागा ठेवून. 160 अंशांवर, मधल्या कप्प्यात, 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर कडक होते. कडक होईपर्यंत आत ठेवली की बूड करपतं.

पसरून चपटी झाली तर तूप पातळ होतं किंवा सोडा जास्त पडला. एप्रिल-मेमध्ये तयार गोळे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. भेगाच पडल्या नाहीत तर ओटीजी पुरेसा तापला नव्हता. आतला दिवा बघून अंदाज बांधू नका, ओव्हन थर्मामीटर आत ठेवा.

खानापूरकडच्या पावसात तासभर उघडी राहिलेली नानकटाई मऊ पडते. पण गरम असतानाच डब्यात भरली तर आतल्या वाफेने त्याहून वाईट होते. पूर्ण गार करा आणि लगेच सील करा.

हिशेब: बेळगावच्या रविवार पेठेतले भाव बदलत असतात, म्हणून आकडे आपापले घाला, रीत ही ठेवा. एका घाण्याला सामान 95 रुपये, वीज 10, चार डबे आणि लेबलं 32, दोन तासांची मजुरी ताशी 60 प्रमाणे 120. झाले 257. डब्यात 11 नग, म्हणजे 250 ग्रॅमच्या थोडं वर. उरलेले चार चव द्यायला आणि फुटीला. 80 रुपयांचा डबा घरून विकला तर 320 येतात. दुकानदाराने 20 टक्के घेतले की हातात 256. म्हणजे एक रुपया तोटाच! दुकानात ठेवायचा तर भाव 90 धरा, आणि घरून विकतानाही तोच ठेवा, नाहीतर दुकानदार तक्रार करतो.

विजेचं एक लक्षात ठेवा. एका घाण्याला सव्वा युनिट धरलं तर रोज दोन घाण्यांचे महिन्याला 75 युनिट होतात. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत 200 युनिटांच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं. शिवाय ती सवलत घरगुती वापरापुरती आहे. धंद्याच्या जोडणीचं हेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, बेसिक नोंदणी त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होते, वर्षाला 100 रुपये फी. 14 आकडी नंबर, घटक, वजन, तारीख, नाव-पत्ता आणि हिरवा ठिपका लेबलवर हवा. मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत लागतो. त्याशिवाय मराठी-कन्नड खुशाल घाला. गिऱ्हाईक तेच वाचतं.

दिवाळीत सगळे एकदम मागतात. एका ओटीजीवर सहा तासांत पाच किलो निघते, दिवसाला त्याहून जास्त ऑर्डर घेऊ नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या.