सड्यावरच्या खाणीचा पर्यावरण अहवाल कसा तपासावा

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. तिथल्या खाणीला मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते, तिची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते. तेवढ्यात लेखी हरकत तयार हवी. मराठी सारांशावर थांबू नका. अहवालाचा पूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो.

आधी पाहणीच्या तारखा बघा. बरेच अहवाल पावसाळा सोडून एकाच हंगामाचे असतात. मे महिन्यात सडा म्हणजे नुसता तापलेला कातळ, म्हणून सरळ ‘पडीक’ लिहून मोकळे होतात. जुलैत त्याच कातळावरच्या बोटभर पाण्यात बेडकांची अंडी असतात, पुढे कडेनं सीतेची आसवं फुलतात. ही नोंद नसेल तर पावसाळी पाहणी मागा आणि स्वतः काढलेले फोटो तारीख, जीपीएससह जोडा.

मग प्राण्यांची यादी. कोकणच्या यादीत काळवीट निघालं तर ती दुसऱ्या अहवालातून उचललेली समजा. खवल्या मांजर नसेल तर बिळं शोधली का, कॅमेरे किती रात्री लावले, ते विचारा. नावं वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या सुधारित अनुसूचीशी (संरक्षित प्रजातींच्या यादीशी) ताडून पाहा, जुन्या नव्हे.

शेवटी नकाशा: डंपरचा रस्ता ओढा कुठे ओलांडतो? तो रस्ता अनेकदा खाणीच्या हद्दीबाहेर म्हणून हिशेबातच धरलेला नसतो.