यंत्रमानवाला ग्लिसरीन लावू नका

जत्रेतल्या आणि स्पर्धेतल्या नाटकांचे चेहरे रंगवणं हे माझं काम. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवळं भरपूर, म्हणून नाटकं भरपूर, म्हणून माझ्या पेटीला फारशी विश्रांती नसते. पूर्वी राजे, राक्षस, संत आणि कजाग सासवा रंगवायचो. हल्ली एकांकिका लिहिणारी पोरं यंत्रमानव आणतात आणि संहिता हातात ठेवताना सांगतात, "दादा, शेवटी तो रडतो. ग्लिसरीन लागेल."

ग्लिसरीन आहे की. डोळ्याखाली थेंब ठेवला की कालच साखरपुडा झालेला नटसुद्धा धाय मोकलून रडतो. म्हणून तर माझं म्हणणं आहे की रडणं हा कसलाच पुरावा नव्हे. तुमच्या यंत्रमानवाला खरोखर काही वाटतं असं दाखवायचं असेल, तर ते काम लिहिताना करावं लागतं. रंगपटात ते होत नाही.

लेखणी उचलायच्या आधी स्वतःला विचारा: याच्या आत काही होतं की नाही? हो किंवा नाही, एकच उत्तर. "ते प्रेक्षकांवर सोडलंय" हे मी फार ऐकतो. प्रेक्षकांवर खुशाल सोडा, पण तुम्हाला आणि नटाला ते पक्कं ठाऊक हवं. खऱ्या जगातल्या यंत्राचं डोकं उघडूनही हा प्रश्न सुटत नाही. नाटकात मात्र ब्रह्मदेव तुम्ही आहात. तुम्हीच ठरवलं नाही तर नट अर्धा वेळ लाकडासारखा बोलतो, अर्धा वेळ गहिवरतो, आणि खालची मंडळी चहाला उठतात.

यंत्रमानव हे पात्रच मुळात रंगमंचावर जन्मलं, हे आपल्या लोकांनी विसरू नये. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 मध्ये 'आर. यू. आर.' लिहिलं. जानेवारी 1921 मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते लागलं, पण त्याच्याही आधी ह्रादेक क्रालोवे या गावी एका हौशी मंडळाने त्याचा प्रयोग करून टाकला होता. (हौशी मंडळं सगळीकडे सारखीच!) त्यातले रोबो पत्र्याचे नाहीत, दिसायला माणसंच. त्यांना वेदना का द्यायची, तर दुखत नसल्यामुळे ते स्वतःचे हातपाय मोडून घेतात आणि कारखान्याचं नुकसान होतं, असं त्यात शास्त्रज्ञ सांगतो. धंद्याचा हिशेब! ही युक्ती उचला. तुमच्या यंत्राला भावना "आली" असं लिहू नका. बनवणाऱ्याने कोणत्या कामासाठी कोणती भावना बसवली, ते शोधा.

एका एकांकिकेवरून सांगतो. नाव आणि मंडळ गुलदस्त्यात राहू दे. जुनं घर, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक. थोरला मुलगा लंडनला, धाकटा आखातात. म्हाताऱ्या आईला उचलायला, न्हाऊ घालायला एक यंत्रमानव ठेवलेला, घरात त्याला बाबलो म्हणतात. पहिल्या खर्ड्यात आई जाते आणि बाबलो "मला दुःख होतंय" म्हणत गुडघ्यांवर बसतो. मी लेखकाला विचारलं, कंपनीने त्याच्यात दुःख कशाला बसवलं असेल? पोरगा गप्प. मग तालमीत बसून आम्ही शोधलं. दुःख कोणी बसवणार नाही, धास्ती बसवेल. आईला उचलताना ती हातातून निसटू नये म्हणून धास्ती. रात्री दोनदा तिचा श्वास ऐकायला लावणारी धास्ती. आता आई गेली. धास्ती जागच्या जागी आहे, जिच्यासाठी होती ती नाही. ही धास्ती कुठे जाईल? एवढं सापडलं आणि पुढचं नाटक भराभर सुटलं. ती त्याने स्वतः निवडलेली नाही, म्हणून खोटी, असं कोणी म्हणेल. मग अंधारात पाय ठेवताना तुम्हाला जी भीती वाटते, ती तुम्ही कधी निवडली होती?

आता कृती. चवथीला थोडेच दिवस असताना आई गेली आहे. घरात सुतक, गणपती आत्ता आणायचा नाही. तरीही बाबलो पहाटे रानात जातो आणि माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या चौकटीला, लागणारी कांगलां, घागऱ्यो, आंबाडे घेऊन येतो. वाचायला छान वाटतं, पण इथे एक खड्डा आहे. मालक मेला तरी घड्याळाचा गजर वाजतोच. बाबलो दरवर्षी जायचा म्हणून यंदाही गेला, तर ते नुसतं वेळापत्रक झालं. चोखंदळ प्रेक्षक हे लगेच पकडतो. म्हणून त्याआधीच्या प्रवेशात भटजींना फोन लावून सुतकाचं विचारणारा बाबलोच हवा. माटोळी बांधायची नाही, हे त्याला घरातल्या सगळ्यांच्या आधी कळलेलं हवं. थोरल्याने "घराबाहेर जाऊ नकोस" असं बजावलेलं हवं. एवढं ठाऊक असूनही तो जातो आणि आल्यावर का गेला ते सांगत नाही. आता त्याला गजर म्हणून दाखवा!

इथेच परीक्षा घेता येते. बाबलो स्वतःच्या भावनेबद्दल जे जे बोलतो, ते सगळं लाल पेनने खोडा. मला वाईट वाटतं, मला एकटं वाटतं, माझ्या आत काहीतरी हलतंय, सगळं. उरलेलं नाटक उभं राहिलं तर भावना आहे. कोसळलं तर फक्त संवाद होते. आजकाल फोनमधला सहायकही "ऐकून वाईट वाटलं" म्हणतो, त्याला काय लागतं? 1966 मध्ये योसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञांनी एलायझा नावाची साधी संगणक आज्ञावली जगापुढे मांडली. आपण टाइप केलेलं वाक्य थोडं फिरवून ती प्रश्न म्हणून परत द्यायची. ती कशी चालते हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही तिच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. भावना होती, पण ती बाईंची. तुमच्या नाटकातही आई बाबलोवर जीव लावते, तेवढ्याने बाबलोचं काहीच सिद्ध होत नाही.

शरीराकडे येतो, कारण माझी भाकरी त्यावर आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर उमटणं, सांगितलेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कापरं), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग पालटणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). मन दुसरीकडे असलेल्या नटाला ते जमत नाहीत, असं भरतमुनींचं म्हणणं. अश्रू आणि घाम माझ्या पेटीत मिळतात. रोमांच मिळत नाही. गंमत म्हणजे फिलिप के. डिक या अमेरिकी लेखकाच्या 1968 च्या कादंबरीत अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव, ओळखायची परीक्षा याच वाटेने जाते. धक्कादायक प्रश्न विचारायचा आणि चेहऱ्याच्या केशवाहिन्या किती फुलतात, डोळ्याचे स्नायू कसे ताणतात ते यंत्राने मोजायचं. वैवर्ण्यच की! आणि त्या परीक्षेत काही माणसंही नापास होतील, ही भीती त्याच कादंबरीत आहे. ज्याचा चेहरा हलत नाही त्याला आतून काही नाही, असं ठरवायची घाई करू नका. आमच्या गावात असे पुष्कळ पुरुष आहेत.

तुमच्या यंत्राला माणसाचे सात्त्विक भाव उसने देऊ नका, त्याच्या घडणीतलं एखादं द्या. बाबलोची बोटं पावसाळ्यात अडकायची. दुरुस्तीवाला येऊन "दमट हवा" म्हणून तेल घालून जातो, प्रेक्षक हसतात, विसरतात. मग माघात थोरला घर विकायचे कागद घेऊन येतो. हवा कोरडी खडखडीत. बाबलो आईची खुर्ची उचलायला जातो आणि बोटं अडकतात. त्यावर कोणीही काही बोलायचं नाही. आमच्या प्रयोगात रंगमंचावरचे गप्प राहिले, पण पुढच्या चटईवरून एक आजी मोठ्याने म्हणाली, "आतां खंय पावस?"

बहुतेक पोरं एक गोष्ट विसरतात: स्मृतीची प्रत. बाबलोच्या आठवणी कंपनीच्या संगणकावर रोज साठत असतील, तर थोरल्याने त्याला कोरा केला तरी काय बिघडलं? उद्या परत भरतील. जे हरवू शकत नाही त्याची भीती प्रेक्षकाला पटत नाही. आपल्या डोंगराळ वाड्यांवर ही अडचण सोपी आहे. फोन कसाबसा लागतो, आठवणी पाठवण्याइतकी रेंज नाही. एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

थोरल्याला खलनायक करू नका. "ते मशीन आहे, हप्ते मी भरलेत" हे त्याचं म्हणणं बिनतोड लिहा. तो मूर्ख ठरला की प्रश्न फुकटात सुटतो.

राहता राहिला रंग. चंदेरी नको. मांडवाच्या दिव्यांखाली तासाभरात चांदी ओघळते आणि यंत्राला घाम फुटलेला सगळे बघतात. नटाच्या कातडीपेक्षा थोडा फिकट, अगदी पातळ हात पुरे. भुवयांना हात लावायचा नाही. नटाने पापण्या ठरावीक अंतराने मिटायच्या, आणि आई गेल्यानंतर ते अंतर किंचित चुकवायचं. याची तालीम आरशासमोर नको, समोर माणूस बसवून करा. नाटक पालखीनंतर, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होणार असेल, तर पापणीचा खेळ मागच्या रांगांना दिसणार नाही. तिथे बोटांवरच भिस्त ठेवा आणि प्रकाशवाल्याला हातांवर एक दिवा मागून घ्या. संहिता मात्र मला पहिल्या तालमीआधी पाठवा. प्रयोगाच्या संध्याकाळी, एका गालाला पॅनकेकचा रंग लागलेला असताना, "दादा, शेवट बदललाय" असं सांगत येऊ नका.