एअर फ्रायर घेतलाय? मग आधी या चुका टाळा

"एअर फ्रायर बिघडलाय" म्हणून मला जे फोन येतात, त्यातले बहुतेक एअर फ्रायर धडधाकट असतात. बास्केट गच्च भरलेलं असतं, नाहीतर सैल पीठ ओतलेलं असतं, नाहीतर रीलमध्ये सांगितलं म्हणून 18 मिनिटं लावून माणूस टीव्हीसमोर जाऊन बसलेला असतो. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीत, नात्यात, माहेरी अक्कलकोटला, सगळीकडे चुका त्याच. दर वेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता नीट लिहून ठेवते.

आधी यंत्र समजून घ्या. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीचं बास्केट. पंखा गरम हवा जोरात खाली ढकलतो, ती पदार्थाच्या चारी बाजूंनी फिरते आणि जाळीखालून पुन्हा वर येते. म्हणजे हा पंखा लावलेला छोटा ओव्हन आहे. फिलिप्सनं 2010 मध्ये एअरफ्रायर बाजारात आणला. तेव्हापासून ढीगभर कंपन्या आल्या, बटणं वाढली, आतलं काम मात्र हेच आहे. कढईची सवय या यंत्रावर चालवली की पदार्थ बिघडतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

बास्केट गच्च भरणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक ही. 4 लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी पाव किलो बटाटा, फार तर 300 ग्रॅम. त्यापुढे नाही. हे सांगूनही लोक अर्धा-पाऊण किलो टाकतातच, कारण बास्केट रिकामं दिसतं आणि बाहेर पोरं ताटल्या घेऊन बसलेली असतात.

बटाट्यात जवळजवळ 80 टक्के पाणी असतं. तापल्यावर ते वाफ होऊन बाहेर पडतं. फोडी एका थरात असल्या तर वारा ती वाफ उडवून नेतो, वरचा भाग कोरडा होतो आणि मग तो तांबूस, कुरकुरीत होतो. थरावर थर रचले की वाफ मधेच कोंडते. वरच्या फोडी करपतात, मधल्या उकडतात, खालच्या चिकट होतात. मग माणूस घाईनं तापमान वाढवतो आणि वरच्या फोडी काळ्या करून घेतो. वाफ कोंडली असेल तर तापमान वाढवून काही होत नाही, माल कमी करावा लागतो.

घरात सहा माणसं असली तर मी सरळ तीन घाणे करते. प्रत्येक घाणा थोडा कमी रंगावर काढते, ताटात पसरून ठेवते, आणि शेवटी सगळ्या फोडी एकत्र टाकून 200 अंशांवर दोन-तीन मिनिटं फिरवते. तेव्हा गर्दी झाली तरी चालते, कारण पाणी आधीच उडालेलं असतं. सगळ्यांना गरम मिळतं. ज्याला तीन घाण्यांचा वेळ नाही, त्यानं त्या दिवशी फोडी करू नयेत, बटाट्याची काचरी करावी. कढईत पंधरा मिनिटांत होते आणि छान होते.

बटाट्याच्याच तयारीत आणखी तीन गोष्टी लोक गाळतात. एक म्हणजे फोडी अर्धा तास थंड पाण्यात ठेवणं. पाणी पांढरं होतं, तो वरचा स्टार्च. तो गेला की फोडी एकमेकींना चिकटत नाहीत. दुसरी म्हणजे त्या खरोखर कोरड्या करणं. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, एक स्वच्छ जाड टॉवेल स्वयंपाकघरासाठी वेगळा ठेवा, त्यावर फोडी पसरा, वरून दुसऱ्या टोकानं दाबून टिपा. हात ओला लागत असेल तर अजून टिपा. तिसरी म्हणजे फ्रिजमधले बटाटे न वापरणं. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि तो आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो. बटाटे टोपलीतच ठेवा.

मग परातीत दोन चहाचे चमचे तेल घेऊन फोडी हातानं चोळा. 160 अंशांवर दहा मिनिटं, मधे एकदा हलवून, नंतर 190 वर सात-आठ मिनिटं. मीठ बाहेर काढल्यावर. आधी मीठ लावलं की पुन्हा पाणी सुटतं.

आणि "दुकानातल्या फ्रोझन फ्राईज इतक्या छान होतात, माझ्याच का नाही" असं विचारू नका. त्या कारखान्यातून एकदा तळूनच येतात. त्या फ्रीजरमधून थेट टाका, बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका.

हलक्या वस्तू मोकळ्या टाकणं

याबद्दल रील करणारे कधीच काही बोलत नाहीत, आणि सोलापुरात तर हे कळायलाच हवं, कारण आपल्या घरात शेंगदाणे किलोनं भाजले जातात.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली, घरोघरी पाहुणे. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंची नणंद पुण्याहून आलेली, तिला जाताना शेंगाची चटणी न्यायची होती. सूनबाईंनी ठरवलं, गॅसपाशी उभं राहण्यापेक्षा शेंगदाणे एअर फ्रायरमध्ये भाजू. पहिला घाणा चांगला झाला. दुसऱ्या घाण्याला त्यांनी कुठेतरी बघितल्याप्रमाणे दर दोन मिनिटांनी बास्केट जोरजोरात हलवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं दारावर थाप. "काकू, लवकर चला, आतून धूर येतोय, काहीतरी जळतंय!"

जाऊन आधी प्लग काढला. ड्रॉवर उघडायला त्या हात घालत होत्या, तो मी धरला. आत काही पेटलेलं असेल तर उघडल्याबरोबर त्याला हवा मिळते. प्लग काढून ड्रॉवर बंदच ठेवायचा आणि धूर पूर्ण थांबू द्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. यंत्र गार झाल्यावर आम्ही ते उलटं केलं. कॉइलच्या वेटोळ्यांमध्ये शेंगदाण्यांची लाल सालं अडकून कोळसा झालेली, पंख्याच्या जाळीला सालांचा एक थर. खाली शेंगदाणे अर्धे कच्चे, पण सगळ्यांना करपट वास. चटणीला त्यातला एकही वापरता आला नाही.

झालं होतं असं: भाजता भाजता सालं कोरडी होऊन सुटतात, जोरात हलवलं की ती मोकळी होतात, आणि पंख्याचा वारा त्यांना उचलून थेट वर कॉइलवर नेऊन टाकतो. पहिल्या घाण्याला सालं अजून धरून होती, दुसऱ्या वेळी हलवण्याच्या नादात सुटली.

म्हणून माझी पद्धत. पाव किलोच शेंगदाणे, 150 अंश, वर स्टीलची जाळी उलटी ठेवायची, बरीच यंत्रं सोबत अशी जाळी देतात. तीन-चार मिनिटांनी ड्रॉवर बाहेर काढून उलथण्यानं हलक्या हातानं खालीवर करायचे, बास्केट झटकायचं नाही. सालं सुटलेली दिसली तर ताटात ओतून फुंकर मारायची आणि मगच परत आत. दहा-बारा मिनिटांत होतात. हवा त्या रंगाच्या एक छटा आधी काढायचे, कारण बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेनं ते भाजत राहतात.

इतकं सांगूनही माझं मत असं की चटणीचे शेंगदाणे लोखंडी कढईतच मंद आचेवर भाजावेत. उखळात कुटताना ज्या शेंगदाण्याला तेल सुटतं, तो आतपर्यंत सारखा भाजलेला असतो, आणि कढईत तो डोळ्यांसमोर राहतो. भाजीच्या कुटासाठी एअर फ्रायर चालेल. मे महिन्यात, बाहेर पारा 43 वर असताना, गॅसपाशी कोणी उभं राहावं असं मी म्हणणार नाही.

पापड, कढीपत्ता, चिवड्याचे पोहे, सगळ्यांना हाच नियम. पापडाला दोन्ही बाजूंनी तेलाचं बोट फिरवा, अर्धा तोडा, वर जाळी ठेवा, आणि उभ्या उभ्या लक्ष ठेवा, एक-दीड मिनिटात होतो. कुरडया आणि सांडगे टाकूच नका, ते तेलातच फुलतात. बटर पेपर अंथरून रिकामं यंत्र तापवायला ठेवणारे तर मला नेहमीच भेटतात. तो कागद उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. कागद घालायचा तर पदार्थासोबतच, त्याच्या वजनाखाली, कडा वर न येतील असा कापून.

सैल पीठ

कांदाभजी. बेसन कालवलं, नेहमीसारखं सैलसर, आणि बास्केटमध्ये सोडलं. जाळीतून खाली ओघळलं, उरलं ते जाळीला चिकटलं. कढईतलं तेल पिठाला सगळीकडून एकदम भिडतं, म्हणून पीठ पडताक्षणी आकार धरतं. वाऱ्यानं पीठ धरायला मिनिटं लागतात, तोवर ते वाहून जातं. बटाटेवडा, मिरचीभजी, मेदुवडा, सगळ्यांचं हेच होतं.

एअर फ्रायरमध्ये करायचीच असतील तर कांदा पातळ उभा चिरून मीठ चोळून ठेवा, त्याचं पाणी सुटू द्या. त्यात मावेल तेवढंच बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तिखट, ओवा, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. पाण्याचा थेंब नाही. तेल लावलेल्या जाळीवर छोटे विस्कटलेले मुटके ठेवा, 180 अंशांवर बारा-तेरा मिनिटं, मधे एकदा उलटून. खमंग होतात. पण पावसाळ्यात गरम भज्यांची इच्छा झाली तर कढई काढा आणि चार भजी कमी खा. साबुदाणा वड्याला मात्र एअर फ्रायर छान: चपटा थापायचा, दोन्ही बाजूंना तेल, आणि खालची बाजू घट्ट झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

वीज

1500 वॅटचं यंत्र 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतं. ते 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर कन्व्हर्टर पिन लावून, किंवा मिक्सर-मोबाईलच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवणं म्हणजे वायर तापवणं. 16 अँपिअरचा पॉइंट हवा, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

"सांगितलेल्या वेळेत शिजतच नाही" या तक्रारीचं कारणही बरेचदा विजेतच असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळीकडे कूलर-एसी सुरू झाले आणि दाब 200 व्होल्टवर आला की 1500 वॅटच्या कॉइलची ताकद साडेअकराशेच्या आसपास उरते, म्हणजे पाऊण. दुपारी पंधरा मिनिटांत झालेलं पनीर रात्री वीस घेतं. म्हणून मिनिटांवर विसंबू नका. वेळ संपायच्या तीन-चार मिनिटं आधी ड्रॉवर उघडून बघा, बोटानं दाबून बघा. उघडल्यानं काही बिघडत नाही.

बाकीच्या, झटपट

यंत्र गॅसच्या शेगडीवर ठेवू नका. जागा नाही हे कारण मी ऐकून घेत नाही. चुकून बटण फिरलं तर खालून पेटेल.

मागे वीतभर जागा सोडा, गरम हवा तिकडून बाहेर पडते.

पहिल्या दिवशी रिकामं 200 वर पंधरा मिनिटं चालवा, खिडकी उघडी ठेवून. नव्या यंत्राचा वास निघून जातो.

अजिबात तेल न घालणं हीपण चूकच. मसाला कोरडा जळतो, पदार्थ लाकडासारखा होतो. चमचाभर घाला.

दाबाच्या डब्यातला तेलाचा स्प्रे बास्केटवर मारू नका, त्यातल्या घटकांचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि निघत नाही. वाटीत तेल आणि ब्रश पुरे.

भरताच्या वांग्याला टोचे न मारता ठेवू नका, फुटतं.

चिकन वरून रंगलं म्हणजे शिजलं असं नाही. जाड तुकडा कापून हाडापाशी बघा. चरबीचा धूर होत असेल तर ड्रॉवरच्या तळाला दोन-तीन चमचे पाणी घाला.

तारेची घासणी नको. गरम बास्केटवर गार पाणी नको. कॉइल महिन्यातून एकदा, पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, ओल्या फडक्यानं पुसा.

कडक भाकरी

याबद्दल मला फार विचारतात, म्हणून शेवटी. थापलेली कच्ची ज्वारीची भाकरी एअर फ्रायरमध्ये टाकू नका. पापुद्रा सुटत नाही, वरून तडे जातात, आत कच्ची राहते. भाकरी तव्यावरच करा, नेहमीपेक्षा पातळ थापून, दोन्ही बाजूंनी पूर्ण भाजून. कपड्यावर अर्धा तास उघडी ठेवा. मग एक-एक भाकरी बास्केटमध्ये, वर जाळी, 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं, मधे एकदा उलटून. बास्केटपेक्षा भाकरी मोठी असेल तर आधीच लहान थापा, नंतर मोडून बसवू नका. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजली की झाली. कमी तापमानावर वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो; 180 वर टाकली तर कडा जळतात आणि मधला भाग मऊच राहतो. पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरू नका, नाहीतर वाफ धरून दुसऱ्या दिवशी ती चामट होते.